रोसालची पांढरी वाइन आणि तिसऱ्यांचं एकशिपी

खाडीकाठचा
रविवार, रात्री १०:४२

एरवी मी इथे वाचनमात्र. पण आज पोट भरलंय, बाहेर पाऊस आहे आणि सांगायला घरात कोणी नाही, म्हणून धागा काढतोय. गोड मानून घ्या.

मुक्काम विगो, म्हणजे स्पेनचा वायव्य कोपरा, गालिसिया. मोटारी बनवणाऱ्यांचं गाव. चाकणहून इथे येऊन पडलो त्याला तीन वर्षं झाली. स्पेन म्हटलं की लोकांना ऊन आणि बैल आठवतात. इथे दोन्हींची टंचाई. वर्षाला १६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, शेवाळलेल्या दगडी भिंती आणि जमिनीत आतवर घुसलेला समुद्र. या खाड्यांना ‘रिया’ म्हणतात. दक्षिणेकडच्या त्या ‘रियास बायशास’, म्हणजे खालच्या खाड्या. जयगड-दाभोळकडच्या माणसाला परकं वाटावं असं काही नाही, थंडी सोडली तर.

याच नावाचा वाइनचा अधिकृत प्रदेश आहे, १९८८ पासूनचा. मुख्य द्राक्ष अल्बारिन्यो. बाटलीवर ‘अल्बारिन्यो’ लिहायचं तर आत शंभर टक्के तेच द्राक्ष लागतं, आणि जगभर विकलं जातं ते हेच नाव. पण प्रदेशाचे पाच भाग आहेत. त्यातला एक ओ रोसाल, अगदी दक्षिणेला मिन्यो नदीच्या काठी. नदीपलीकडे पोर्तुगाल. तिथे पूर्वापार मिश्रण करतात: अल्बारिन्यो, सोबत लौरेइरा, आणि थोडंफार त्रेइशादुरा, काइन्यो ब्लांको वगैरे. धागा या मिश्रणाबद्दल आहे.

शनिवारी एकशिपीसाठी (मांस एकाच शिंपीत ठेवून करायचा आपला प्रकार) बाजारातून किलोभर बेर्बेरेचो आणले. आपल्या तिसऱ्यांचे चुलतभाऊ, जरा गोल, शिंपल्यावर खोल रेघा. मीठपाण्यात ठेवून वाळू काढली. नारळ इथल्या लॅटिन अमेरिकन दुकानातला, नशिबावर हवाला ठेवून घ्यायचा. विळी गावाहून बॅगेतून आणलेली (विमानतळावर क्ष-किरण यंत्रापाशी काय झालं तो वेगळा धागा). तर विळीवर बसून नारळ खवत होतो, दार उघडं होतं, आणि शेजारच्या आजी दारात येऊन उभ्या. वय ऐंशीच्या पुढे, माहेर रोसालचं. जमिनीवर बसून पात्यावर नारळ फिरवणारा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला असावा. काही न बोलता निघून गेल्या. मला वाटलं घाबरल्या. पाच मिनिटांनी परत आल्या त्या फ्रीजमधली अर्धी बाटली आणि चिनीमातीचे दोन पांढरे बिनकानाचे वाडगे घेऊन. इकडे घरची वाइन अशा वाडग्यातून प्यायची जुनी पद्धत आहे.

मी फुशारकीने माझी अल्बारिन्योची बाटली पुढे केली. त्यांनी हातात घेतली, लेबल वाचलं, परत ठेवली. म्हणाल्या, “ही पाहुण्यांना. जेवायला ही.”

मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवून एकशिपी खाल्लं. कांदा, आलं-लसूण, हळद, जेमतेम अर्धा चमचा मालवणी मसाला, दोन आमसुलं आणि भरपूर ओलं खोबरं. अल्बारिन्यो एकटी प्यायली की काय सुंदर लागते: लिंबाची साल, पीच, शेवटी जिभेच्या कडेला खारट झाक. पण खोबऱ्याच्या दुधाळ गोडव्यापुढे तिची नुसती आंबट धार उरली. रोसालचं तसं झालं नाही. वासात आधी काहीतरी पानासारखं येतं, मागून संत्र्याच्या फुलासारखं. तोंडात जरा गोलाई आहे. आंबटपणा तेवढाच, पण तो खोबरं आणि लसणीत शिरून बसतो. दुसरा घास आपोआप घेतला जातो.

माझं मत एवढंच: नुसती प्यायची तर एका द्राक्षाची घ्या, जेवणाबरोबर हवी तर मिश्रण. तुमचे अनुभव येऊ द्या. आणि अशा वाइनबरोबर आपलं काय काय चालेल तेही सांगा, अजून चार बाटल्या आहेत.

---

लिंबूटिंबू
रविवार, रात्री १०:५१

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर प्रतिसाद जेवणानंतर.

---

तिरफळ
रविवार, रात्री ११:२०

माका वाचूनच भूक लागली रे. आता या वेळेला तिसऱ्या आणू कुठून?

एक शंका. एकशिपी म्हणतोयस, तर कच्च्या असताना विळीवर उघडून मांस एका शिंपीत ठेवलंस, की वाफवून? वाफवल्या असतील तर ते वरचं पाणी ओतलंस तर नाहीस ना? खरी चव त्यातच. गाळून परत घालायचं, आणि मीठ शेवटी.

‘बायशास’चा उच्चार वाचून मजा वाटली, कारण रोमन लिपीत तिथे एक्स लिहितात. आमच्या गोव्यात शाकुतीचं स्पेलिंग एक्सनेच सुरू होतं, आणि बाहेरचे लोक हॉटेलात ‘झाकुटी’ मागतात. पोर्तुगीजांची देणगी. गालिसियाची भाषा पोर्तुगीजची सख्खी बहीण म्हणतात ते खरं आहे का?

---

खाडीकाठचा
रविवार, रात्री ११:३८

@तिरफळ, वाफवून. पाणी गाळून परत घातलं. आईने फोनवर आधीच दम दिला होता.

भाषेचं अगदी खरं. किल्लीला इथे ‘चाबे’ म्हणतात. पोर्तुगालमध्ये त्याच शब्दाचा उच्चार ‘शाव्ह’सारखा होतो, म्हणजे आपली ‘चावी’ विगोलाच जास्त जवळची. बादलीला ‘बाल्दे’. पहिल्या महिन्यात घरमालकाने “बाल्दे” म्हणून ओरडून छताकडे बोट दाखवलं आणि मी न विचारता बादली आणून ठेवली. छत गळत होतं.

---

नेमकेबोल
सोमवार, सकाळी ८:०५

लेख आवडला. एक भर. लौरेइरा हे नावच लॉरेल झाडावरून आलं आहे, त्या पानासारखा वास येतो म्हणून. तुम्हाला “काहीतरी पानासारखं” जाणवलं ते हेच.

कोणी लगेच ‘तमालपत्र’ म्हणायच्या आत सांगतो: आपलं तमालपत्र ते नव्हे. आपलं दालचिनीच्या जवळच्या नात्यातलं झाड. पान मोठं, त्यावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा. युरोपातल्या लॉरेलच्या पानाला मधोमध एकच शीर आणि वास वेगळा, थोडा निलगिरीकडे झुकणारा. कूळ मात्र दोन्हींचं एकच.

---

खाडीकाठचा
सोमवार, सकाळी ११:१०

@नेमकेबोल, मी खरंच ‘तमालपत्र’ लिहिणार होतो. वाचलो!

आजी शिनाणे (इथे ‘मेशियोन’) करतात तेव्हा पातेल्यात पाणीसुद्धा घालत नाहीत. धुतलेले शिनाणे, लॉरेलचं एक पान, झाकण, मोठी आच. चार-पाच मिनिटांत तोंडं उघडतात की झालं. वरून लिंबू, वाटलं तर. पहिला हाताने खायचा आणि त्याच रिकाम्या शिंपल्यांची जोडी चिमट्यासारखी धरून पुढचे सगळे ओढून काढायचे. काटाचमचा लागत नाही. आई गेल्या उन्हाळ्यात आली होती, तिने पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “शिनाणेच की हे! एवढे मोठे?” तेवढं एकच कौतुक. नंतर म्हणाली, मसाला कुठाय.

मोठे असतात ते शेतीमुळे. खाडीत निलगिरीच्या लाकडाचे तराफे नांगरलेले असतात, त्यांना ‘बातेया’ म्हणतात. एका तराफ्याला जास्तीत जास्त ५०० दोर, प्रत्येक १२ मीटरपर्यंत लांब, आणि दोराला लगडलेले शिनाणे. असे ३००० हून जास्त तराफे गालिसियात आहेत. डोंगरावरून बघितलं तर खाडीवर कोणी बुद्धिबळ मांडून ठेवल्यासारखं दिसतं.

---

मांडवाखाली
सोमवार, दुपारी २:४५

नाशिक जिल्ह्यातला द्राक्षवाला आहे. वाइनमधलं फार कळत नाही, बागेतलं कळतं.

रियास बायशासच्या बागांचे फोटो बघितले आणि हसू आलं. ग्रॅनाइटचे खांब आणि वर मांडव! आमच्याकडे खायची द्राक्षं मांडवावर किंवा ‘वाय’ आकाराच्या आधारावर असतात आणि वाइनची द्राक्षं बुटक्या तारेवर. तिकडे वाइनचीच मांडवावर. कारण उघड आहे. एवढ्या पावसात घड जमिनीजवळ ठेवला तर डाऊनी (बुरशीचा रोग) सोडणार नाही. वर टांगला की खालून वारा खेळतो, पान लवकर वाळतं. आम्ही ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी आला की याच कारणाने रात्र रात्र जागतो आणि फवारणीला ब्लोअर घेऊन पहाटे बागेत. त्यांच्याकडे तर दरसालच अवकाळी म्हणायचा.

मिश्रणाबद्दल माझा अंदाज: जुने लोक चवीसाठी नाही, भीतीपोटी सरमिसळ लावत असतील. एक जात फुलोऱ्यात पावसाने झोडपली तर दुसरी आठ दिवस मागे असते, ती वाचते. आमच्या आजोबांच्या बागेतही एका वाणावर कोणी सगळं लावत नसे. चव कशी जमली ते नंतर कळलं असणार.

खाडीकाठचा, मांडवाखाली काही लावतात का ते बघून सांगा. खांब किती उंच?

---

खाडीकाठचा
सोमवार, संध्याकाळी ७:३०

@मांडवाखाली, मुद्दाम आजींना विचारून आलो. खांब साधारण पुरुषभर किंवा जरा जास्त. खाली बटाटे आणि एक प्रकारची उंच कोबी लावत, तिच्या पानांचं सूप करतात. जमीन तुटपुंजी, प्रत्येकाच्या वाट्याला चार ओळी, मग खालची जागा वाया कोण घालवणार. तोडणीला बायका फळीवर किंवा पेटीवर उभ्या राहून डोक्यावरचे घड कापत. आजी म्हणाल्या, सप्टेंबर संपला की मान महिनाभर वर बघायला तयार नसे.

भीतीचं त्यांनाही पटलं. त्यांच्या वडिलांच्या मांडवावर कुठला वेल कशाचा हे फक्त वडिलांना ठाऊक होतं. सगळं एकाच पिंपात जायचं.

---

सदाचार
सोमवार, रात्री ९:०२

मराठी संकेतस्थळावर दारूचे धागे बघून वाईट वाटतं. उद्या कोणी आपल्या मुलांनी हे वाचलं तर?

---

उकडीचा_मोदक
सोमवार, रात्री ९:०९

@सदाचार, मुलांनी मराठी वाचलं तर मी पेढे वाटीन. (ह. घ्या.)

---

संपादक
सोमवार, रात्री ९:४०

धागा पाककृती आणि खाद्यसंस्कृती विभागात आहे. विषयाला धरून लिहावे. वरील विषयावरचे पुढचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत.

---

शाकाहारी_पण
मंगळवार, सकाळी १०:१५

सगळं शिंपल्यांभोवतीच फिरतंय. आम्ही पाप्यांनी काय करायचं? घरी नवरा अंडंसुद्धा खात नाही, पण वाइन घेतो. आणि एक गंभीर प्रश्न: वाइन शाकाहारी असते ना?

---

नेमकेबोल
मंगळवार, सकाळी १०:५८

@शाकाहारी_पण, द्राक्ष शाकाहारी, प्रक्रिया नेहमीच नाही. वाइन निवळायला त्यात काहीतरी घालतात. ते गाळ धरून खाली बसतं आणि काढून टाकलं जातं. पारंपरिक पदार्थ म्हणजे अंड्यातलं पांढरं, दुधातलं केसिन आणि पांढऱ्या वाइनसाठी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला जिलेटिनसारखा पदार्थ. आता बरेच जण बेंटोनाइट नावाची मातीच वापरतात. बाटलीवर ‘व्हेगन’ असं लिहिलेलं असेल तर निश्चिंत राहा.

---

खाडीकाठचा
मंगळवार, दुपारी १:२०

शाकाहारी खाणं इथे अवघड आहे हे कबूल. पण एक पदार्थ असा की नवऱ्याला तिकीट काढून आणाल. पाद्रोनच्या मिरच्या. बोटाएवढ्या हिरव्या, अख्ख्याच गरम ऑलिव्ह तेलात टाकायच्या, सालीवर फोड आले की काढून वर जाडं मीठ. देठ धरून खायच्या. बहुतेक गोड, एखादी भडका उडवणारी. इथली म्हणच आहे, पाद्रोनच्या मिरच्या, काही तिखट काही नाही. एका ताटलीत तीस मिरच्या, सहा माणसं, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत खातात. भावनगरी मिरची घेऊन घरी करून बघा. रोसाल तिच्याबरोबर छान, कारण तेल आणि मीठ दोन्ही कापते.

आपल्यापैकी कोथिंबीरवडी माझ्या यादीत वर आहे. लौरेइराचा हिरवा वास आणि कोथिंबीर एकमेकींना ओळखतात. सुरळीची वडी, हो. अळूवडी नको. चिंच-गुळाची गोडी आली की वाइन एकदम खडखडीत, पातळ लागते. जेवणातली गोडी वाइनपेक्षा वरचढ झाली की असंच होतं, बाटली कितीही भारी असो.

आणि साबुदाणा वडा! तळणीचं तूप-तेल, दाण्याचं कूट, बटाटा, त्यावर थंड आंबट वाइन. उपवास मोडून करायच्या गोष्टींत हा पहिला.

---

उकडीचा_मोदक
मंगळवार, दुपारी १:३१

उपवासाला चालणारा पदार्थ आणि न चालणारी वाइन. एकादशी आणि दुप्पट खाशी ऐकलं होतं, ही तिप्पट झाली.

---

जुनाजाणता
मंगळवार, रात्री १०:०५

मी जरा विरुद्ध बोलतो. कामानिमित्त गालिसियातल्या काम्बादोस गावाला दोनदा गेलो आहे, तिथल्या अल्बारिन्योच्या उत्सवातही. १९५३ पासून भरतो तो, ऑगस्टच्या सुरुवातीला. गावभर लोक गळ्यात पिशवी अडकवून, त्यात पेला ठेवून फिरतात. तिथे कच्च्या कालवांबरोबर साल्नेस भागातली निव्वळ अल्बारिन्यो प्यायल्यावर कुठलंही मिश्रण मला भेसळच वाटतं. कालवाला फक्त धार लागते. खाडीकाठचा यांनी खोबरं घालून सामना आधीच फिरवला आहे. पंच आणि फलंदाज एकच.

शिवाय मिश्रणात कुठल्या द्राक्षाने काय केलं हे कळत नाही. मला कळायला आवडतं.

---

खाडीकाठचा
मंगळवार, रात्री ११:१५

@जुनाजाणता, कालवांपुरतं शरण. विगोच्या जुन्या बाजाराजवळच्या गल्लीत बायका दगडी ओट्यांपाशी उभ्या राहून कालवं उघडून देतात. तिथे मीही अल्बारिन्योच मागतो.

पण भेसळ हा शब्द परत घ्या. त्रेइशादुराची आंबटाई कमी असते, ती अंग देते. काइन्यो ब्लांको उलट चांगलंच आंबट. हे जमवणं येरागबाळ्याचं काम नाही. आणि खोबरं मी घातलं नाही हो, ते आमच्या घरात पूर्वीपासून आहे.

---

सिडनीची_मावशी
बुधवार, पहाटे ४:१२

द्राक्षं ओळखण्यावरून आठवलं. आमच्याकडे ऑस्ट्रेलियात अल्बारिन्यो जोरात आली होती, शेतकऱ्यांनी हौसेने लावली, लोक चवीने प्यायले. २००९ मध्ये उघड झालं की ती अल्बारिन्यो नाहीच. स्पेनहून आलेल्या कलमांतच घोळ होता. निघालं सावान्यां, फ्रान्सच्या ज्युरा डोंगराकडचं द्राक्ष. तोवर लेबलं छापलेली, बक्षिसं मिळालेली. तेव्हा ‘कुठल्या द्राक्षाने काय केलं ते मला कळतं’ असं कोणी म्हटलं की मी गप्प बसते.

---

जुनाजाणता
बुधवार, सकाळी ९:००

मावशी, लागलं.

---

कोथरूडकर_नवखा
बुधवार, सकाळी ११:४४

हे सगळं वाचून तोंडाला पाणी सुटलं पण पुण्यात रोसाल मिळणार कुठे? इथल्या दुकानात पांढरी मागितली की दोन-तीन ठरलेल्या बाटल्या दाखवतात. आयात केलेलीला हात लावला की किंमत बघून हात मागे. स्पेनची दुसरी कुठली मिश्र पांढरी सहज मिळते का?

---

जुनाजाणता
बुधवार, दुपारी १२:३०

आयात शुल्क अनेक वर्षं १५० टक्के, वर राज्याचे कर, मग काय होणार. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला दोन लिटरची मुभा असते, त्यात दोन बाटल्या आरामात बसतात. व्हिस्की मागण्याआधी विचार करा.

स्पेनमधली इतर मिश्रणं थोडक्यात. रिओहा: विऊरा मुख्य, सोबत माल्वासिया, पांढरा गार्नाचा. लाकडी पिंपात ठेवलेली जुनी असेल तर बदाम-मेणासारखा वास, ती तंदुरी पापलेट किंवा काजूच्या रश्शाबरोबर घ्या, कालवांबरोबर नको. तिथे एक गंमत: तेम्प्रानियो हे काळं द्राक्ष, पण १९८८ मध्ये एका वेलीच्या एकाच फांदीला पांढरे घड आले. त्या फांदीची कलमं करून आज वेगळी जात झाली आहे. रुएदा: वेर्देहो, जोडीला बरेचदा सोव्हिन्यों ब्लांक, जे तिथे १९७०च्या दशकात मार्केस दे रिस्काल या रिओहाच्या घराण्याने आणलं. पेनेदेस: शारेलो, माकाबेओ, पारेयादा, म्हणजे कावा या फेसाळ वाइनचंच त्रिकूट. भजी-वड्यांबरोबर कावासारखं दुसरं काही नाही. बुडबुडे तेल उचलून नेतात.

भारतात मिळण्याची शक्यता रिओहा आणि कावाची जास्त.

---

मांडवाखाली
बुधवार, दुपारी ४:१०

@कोथरूडकर_नवखा, तोवर आमच्या नाशिकची सोव्हिन्यों ब्लांक घ्या, दोन भाग. त्यात एक भाग चेनिन ब्लांक घाला, पेल्यातच. आमच्या पुतण्याने काल करून दिलं. नाव ठेवलंय ‘ओ रोसाल, तालुका दिंडोरी’. मांदेली फ्रायबरोबर दोन घेतल्या. जमतंय की.

---

तिरफळ
बुधवार, रात्री ८:४५

आज मी उलटा प्रयोग केला. गोव्याला आलेल्या मित्राने एक तांबडी वाइन ठेवली होती, बांगड्याच्या तिखल्याबरोबर उघडली. देवा. तोंडात गंजका खिळा. बांगडा ताजा होता, पहाटेचा, म्हणजे दोष त्याचा नाही. असं का होतं?

---

नेमकेबोल
बुधवार, रात्री ९:२०

@तिरफळ, गंजका खिळा अगदी बरोबर बोललात, कारण दोष खरोखर लोहाचाच आहे. जपानमधल्या एका वाइन कंपनीच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रयोग केले होते. वेगवेगळ्या वाइन्सबरोबर सुकवलेले शिंपले चाखून पाहिले. ज्या वाइनमध्ये विरघळलेलं लोह जास्त, तिच्याबरोबर हिवस वास जास्त. लोह बांधून ठेवणारा पदार्थ घातला की वास कमी. तांबड्या वाइनमध्ये लोह जास्त असण्याचा संभव अधिक, पण सगळ्यांत नाही. म्हणून कधी कधी तांबडीही माशाबरोबर निभावून जाते आणि लोक भांडत बसतात. बांगडा तेलकट, त्यामुळे त्याच्याशी खटका लवकर उडतो.

---

खाडीकाठचा
पंधरा दिवसांनी, रविवार, रात्री ९:५०

धागा वर काढतोय. चारही बाटल्या संपल्या, हिशेब देणं भाग आहे.

पहिली बाटली फुकट. लवकर गार व्हावी म्हणून फ्रीझरमध्ये ठेवली आणि मीटिंगला बसलो. दीड तासाने बघतो तर बूच अर्धं वर आणि आत बर्फाची लापशी. वितळवून प्यायलो, वास बिचारा मेला होता. आठ-दहा अंशांवर प्या, त्याखाली नेऊ नका.

दुसरी ऑक्टोपसबरोबर. पुल्पो आ फेइरा. इथे बाया उकळत्या पाण्यात अख्खा ऑक्टोपस तीनदा बुडवून वर काढतात, मग आत सोडतात. त्याला ‘घाबरवणं’ म्हणतात. शिजला की कात्रीने कापून लाकडी थाळीवर, वर ऑलिव्ह तेल, जाडं मीठ आणि तिकडची लाल मिरचीपूड. ही पूड तिखटापेक्षा रंगाची, आपली ब्याडगीच समजा. वाइनला काही त्रास नाही.

तिसरी मी चिकाटीने मालवणी कोंबडी-वड्याबरोबर उघडली आणि तोंडघशी पडलो. तिखटाचा दाह वाइनमधल्या अल्कोहोलने वाढतोच, वर वाइनची चव गायब. अर्ध्या जेवणात उठून सोलकढी केली. कोंबडी-वड्याची जोडीदार सोलकढीच, तिथे स्पेनला बोलवू नये.

(@तिरफळ, तुझ्या नावाला जागून सांगतो, तिरफळ घातलेल्या बांगड्याबरोबरही नको. जीभ बधिर होते, मग पेल्यात वाइन आहे की पाणी याने फरक पडत नाही.)

चौथी आज. पुन्हा एकशिपी, पण या वेळी मसाला शून्य. हिरवी मिरची, आलं, कोथिंबीर, खोबरं, कोकम. पहिल्या खेपेपेक्षा कितीतरी चांगलं. आजींना वाटीभर नेऊन दिलं. त्यांनी उभ्या उभ्या रिकाम्या शिंपीने चमच्यासारखं खोबरं खरवडून खाल्लं, वाटी पुसून परत दिली आणि विचारलं, ते बसायचं हत्यार विकत कुठे मिळतं?

गावी फोन लावलाय. दुसरी विळी बॅगेतून आणायची म्हणजे पुन्हा ते क्ष-किरण यंत्र.

---

तिरफळ
रविवार, रात्री १०:०४

लाकडी पाटाची आण, लोखंडी पायाची नको. म्हाताऱ्या माणसाला ओढून घेऊन बसायला बरी पडते.

---

लिंबूटिंबू
रविवार, रात्री १०:३३

जेवण झालं. आता वाचायला घेतो.